बंद दारामागची वाकळ

डोमाजीकाकाच्या दाराशी पोलिसांची जीप आणली ती मी. चालवत नव्हतो, एवढंच.

त्या हिवाळ्यात मी घरी रिकामा होतो. दहावीपर्यंत आदिलाबादला मराठी शाळेत शिकलो, पुढं इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं तेलुगूत आलं आणि मी जो बुडालो तो गावातच वर निघालो. आमचं गाव जैनथच्या जवळ, पैनगंगेच्या अलीकडं. पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आंध्र, आणि मधे माझ्यासारखे, जे दोन्हीकडं नापास. तालुके मोडून मंडळं होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी लोक अजून तालुकाच म्हणत. स्टँडवर चहाचं एक हॉटेल होतं. त्याच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करणं हे माझं काम, आणि ते मी मन लावून करत होतो.

डोमाजीकाका आमच्याच गल्लीतला. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. अंगानं असा, की दारात उभा राहिला तर घरात अंधार व्हावा. पण काळीज पिलाचं. बसमधल्या कंडक्टरनं सुटे मागितले तरी हा उतरायची तयारी करी. तहसीलच्या चपराशाला दुरूनच रामराम आणि जयभीम दोन्ही घाली, न जाणो कोणता लागेल. कोणी मागून 'डोमाजी!' अशी हाक मारली की याच्या तोंडून पहिला शब्द निघे, "मी नाही." मग मान वळवून बघे, कोण आहे ते.

त्याची बायको रुख्मिणीकाकू. हिला मात्र गाव भीत असे. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी तर तिनं. आमच्या बोलण्यात वाकय म्हणतात. कोणी गोधडी म्हणा. तिच्या वाकळेवर मुंगी सोडली तर टाक्याटाक्यानं सरळ रेषेत चालत जाईल, असं आमची माय म्हणे. पण हात जेवढा सरळ, तेवढीच जीभ तिरपी. गल्लीतल्या एकाही बाईची वाकळ तिनं सुखानं पाहिली नाही. शेजारच्या वच्छलाबाईनं एकदा हौसेनं आपली वाकळ दाखवली, तर म्हणाली, "वाकय होय का वं हे? मले वाटलं कांद्याचं पोतं." वच्छलाबाई त्यावर हसली होती. पण विसरली नव्हती.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काकूला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणं असं झालं, की शब्द तोंडातच ओले होऊन फुटत. ती खाटेवर पडली आणि दिवाळीपासून डोमाजीकाकाच्या घराचं दार दिवसासुद्धा बंद राहू लागलं.

काकानं जिनिंगमध्ये रात्रपाळी मागून घेतली होती. दिवसा झोपत असेल, असं लोक म्हणत. पण दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड दिसे. भर दुपारी.

एक दिवस मी आदिलाबादला निघालो, तर काकानं मला कोपऱ्यात गाठलं. इकडंतिकडं पाहून म्हणाला, "दौलत, पांढऱ्या दोऱ्याच्या रिळा आन. मोठ्या सुया आन. अन् थोडं टिंचर अन् पट्टी."

"काऊन काका? काय झालं?"

"काई नाई."

"कोनाले लागलं का?"

"कोनाले काऊन लागन? कोनीच नाई घरी." मग माझा हात धरून म्हणाला, "कोनाजवळ बोलजो नको बापा."

मी सामान आणून दिलं. दार बोटभर उघडलं, हात बाहेर आला, सामान घेऊन आत गेला. हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

आता त्या वर्षांतली गोष्ट सांगायला हवी. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दोन जागांची नावं कोणी मोठ्यानं घेत नसे. एक जंगल, दुसरं ठाणं. जंगलातले रात्री येत आणि भाकर मागत. ठाण्यातले सकाळी येत आणि भाकर कोणी दिली ते विचारत. नदीकाठच्या एका गावातला गडी असाच उचलून नेला होता. कोणाला तरी पाणी पाजलं, एवढ्यावरून. आठवड्यानं परत आला. तेव्हापासून तो भिंतीकडं तोंड करून जेवतो, असं ऐकलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी हॉटेलात कोणीतरी विचारलं, "डोमाजीचं दार काऊन बंद राह्यते रे?" आणि माझी जीभ सुटली.

"पाहुना उतरला न त्याच्या घरी," मी म्हणालो. "पायात गोळी घेऊन आला. काका सुईदोऱ्यानं शिवून राह्यला त्याले. टिंचर मीच तर आनून देल्लं."

बाकावरचे सगळे खो-खो हसले. डोमाजीकाका आणि गोळी लागलेला माणूस, ही जोडीच अशी होती. कोपऱ्यात शाल पांघरून एक माणूस चहा पीत होता, तो हसला नाही. त्यानं बशी खाली ठेवली, आदिलाबादची बस आली, तीत चढून गेला. तो हसला नाही हे मला त्याच्या जाण्यानंतर आठवलं.

दोन-तीन दिवसांनी जैनथच्या बाजारात एका ओळखीच्यानं माझा दंड धरला. हळूच म्हणाला, "तुमच्या गावात म्हने दोघं जन लपून हायेत. एकाजवळ बंदूक हाय म्हने."

माझीच थाप, घरून निघालेल्या पोरासारखी परगावी वाढून, मिशा फुटून मला भेटत होती. मी म्हणालो, "गंमत असन." तो म्हणाला, "पोट्ट्या, अशी गंमत कोन करते?"

खरं म्हणजे तिथून उठून थेट डोमाजीकाकाकडं जायला हवं होतं. मी गेलोही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. दारापाशी उभा राहिलो. आत काकूचा आवाज, तुटकतुटक, रागावलेला. मग काकाचा, "बरं, बरं. उसवतो. पुन्ना उसवतो. रडू नको." मी कडी वाजवली. आतलं सगळं एकदम थांबलं. श्वाससुद्धा.

"कोन?" काकाचा आवाज.

"मी, दौलत."

मग, "घरी कोनी नाई."

मी परत फिरलो. आणि गंमत बघा, घरी येईपर्यंत माझ्या मनात शंका आली, की खरंच आत कोणी असलं तर? माझीच थाप, आणि तिला सगळ्यात आधी घाबरलेला मीच.

जीप आली ती दिवस कलताना. बाया कापूस वेचून डोक्यावर गाठोडी घेऊन परतत होत्या. आवाज पांदणीतून आला तेव्हाच गल्लीतली दारं लागायला लागली. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. जीपमधून ठाण्याचा साहेब, सब-इन्स्पेक्टर, उतरला, त्याला सगळे एस्सैसाब म्हणत. मागं बंदुका घेतलेले शिपाई. साहेबानं विचारलं, "तेलुगू कोण जानता इधर?"

गावात माझ्यापेक्षा बरी तेलुगू येणारे पाचपन्नास असतील. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. शिकलेला पोरगा ना मी. माझी तेलुगू ऐकून साहेब लगेच हिंदीवर आला.

"डोमाजी का घर दिखा."

मी दाखवलं. शिपायांनी घराला वेढा घातला. एकानं दारावर दांडा मारला.

"कोन?"

"पोलीस!"

आत धावपळ. भांडं पडलं. जड झाकण सरकल्याचा आवाज आला. काकू मोठ्यानं काहीतरी ओरडली, ते बोलणं होतं की कण्हणं, कळेना. शिपायांनी बंदुका वर केल्या. साहेबानं मला मानेनं खूण केली, बोल.

मी हाक मारली, "काका, दार उघडा. पोलीस हायेत."

आतून आवाज आला, "मी नाही!"

एरवी या दोन शब्दांवर मी आठवडाभर हॉटेल चालवलं असतं. त्या दिवशी वाटलं, आता गोळी सुटते.

दार उघडलं. काका दोन्ही हात वर करून उभा. त्याला कोणी हात वर कर म्हटलं नव्हतं. डाव्या हाताच्या बोटाबोटाला पट्टी, टिंचरनं पिवळी पडलेली. सदऱ्यावर रक्ताचे ठिपके. आणि छातीवर सदऱ्यात सुई टोचलेली, तिच्यातून पांढरा दोरा लोंबतोय. साहेब त्या दोऱ्याकडं बघत राहिला.

"जखमी किधर है?"

काकानं वर केलेले हात आणखी वर केले.

शिपाई आत घुसले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंमागं पाहिलं, खाटेखाली पाहिलं. खाटेवर काकू, एक डोळा तिचा शिपायांबरोबर फिरत होता. एकानं ज्वारीच्या कणगीचं झाकण काढलं आणि ओरडला. आत दाण्यांवर काहीतरी कोंबलेलं होतं, माणसाच्या लांबीची वळकटी. दोघांनी ती ओढून अंगणात फेकली आणि मागं सरकले. साहेबानं काठीच्या टोकानं ती उलगडली.

वाकळ होती.

म्हणजे वाकळच असावी. जमिनीवर पसरली तरी ती सपाट होईना. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती. टाके असे, की बैल बुजल्यावर नांगराचे तास पडावेत. आणि मधोमध एवढा मोठा फुगवटा, की अंड्यावरची कोंबडी निवांत बसावी. मुंगी सोडली असती तर ती रस्ता चुकून मेली असती.

"ये क्या है?"

"बोंत, सार," मी म्हणालो. तेलुगूत वाकळेला बोंतच म्हणतात.

मला वाटलं, सुटलो. साहेबाचा चेहरा मात्र अजून घट्ट झाला. "आदमी कब से बोंत सीने लगा? दरवाजा बंद करके? किसके वास्ते?" मग हळू आवाजात, "जंगल में ठंड बहुत है ना?"

भाकर देणाऱ्याला नेत होते, पांघरूण देणाऱ्याला काय करतील? आमच्याकडची थंडी सगळ्या आंध्रात नावाजलेली. साहेबानं काकाचा दंड धरला. एवढा मोठा माणूस कापसाच्या बोंडासारखा हलका होऊन जीपकडं निघाला. काही बोलेना. लेक मनकर्णा बाळंतपणाला येणार आहे, तिच्यासाठी शिवतोय, एवढं एक वाक्य. तेही नाही. त्याची नजर जीपकडं नव्हतीच. वाकळ अंगणात उघडी पडली होती आणि गल्लीच्या तोंडाशी बाया उभ्या होत्या, तिकडं होती. मी अगदी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. तो पुटपुटत होता, "घडी करा ना कोनी तिची."

आतून काकू ओरडत होती. कोणाला काही कळत नव्हतं.

तेवढ्यात वच्छलाबाईनं डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं. तिला काय वाटलं, तिचं तिलाच माहीत. शिपायाच्या बंदुकीखालून वाकून ती आली आणि वाकळेचं टोक हातात घेऊन बसली. उलटं केलं. सुलटं केलं.

"डोमाजीभाऊ," ती म्हणाली, "मधातून सुरू केली का तुमी हे?"

काका थांबला. शिपाईही थांबला. काकानं मान खाली घातली, चोरी पकडल्यासारखी.

"मधातून कोनी सुरू करते का? कडेनं धरा लागते, मंग फिरत फिरत आत या लागते. मधातून केली म्हनून हे पोट सुटलं तिले."

"क्या बोल रही ये?" साहेबानं मला विचारलं.

"सार, ती म्हणते... बीच में से शुरू किया. गलत किया."

"क्या गलत किया?"

"बोंत, सार."

आता दुसरी बाई पुढं आली. मग तिसरी. भीती सगळ्यांच्या तोंडावर होती, पण वाकळ समोर पसरलेली आणि तीही रुख्मिणीच्या घरची! त्यांना राहवेना.

"दोरा केवढा ओढला हो, चुण्या पाहा!"

"हा टाका बोटाएवढा, अन् हा तिळाएवढा."

"अन् इथं त उसवून उसवून चाळन केली लुगड्याची."

"हे हिरवं लुगडं रुख्मिणीचं न वं? जत्रेत घेतलं होतं ते?"

"हे मनकर्णाचं लहानपनीचं झबलं. पाहा, फुलं अजून दिसतेत."

साहेब मला ढोसत होता आणि मी भाषांतर करत होतो. चुण्यांना तेलुगूत काय, हिंदीतही काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. मी हातांनी दाखवलं. "सार, ये उसकी औरत की साडी है. ये लडकी का कपडा. लडकी बेल्लमपल्ली में है, दामाद कोयले की खान में. डिलिव्हरी को आ रही. बोंत उसके वास्ते."

"किसी से बनवा के लिया होगा," साहेब म्हणाला. "दूसरों के लिए."

मी वच्छलाबाईला सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून उठली. "त्याले सांग, अशी वाकय कोनी इकते का? कोनी पैसे देईन हिले? जंगलातल्यायले देल्ली त ते बी वापस आनून टाकतीन."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच पदर तोंडात कोंबला. मी ते भाषांतर करू का नको, अशा विचारात होतो. पण त्यातलं जंगल साहेबाला मराठीतच कळलं होतं. त्यानं काकाला ओढत ओट्यावर आणलं आणि बसवलं. वाकळ मांडीवर फेकली.

"सी के दिखा. मेरे सामने."

काकानं छातीवरची सुई काढली. दोरा सुटला होता. त्याला तो ओवता येईना. मी पुढं झालो, तर सुईचं नाक मला दोन ठिकाणी दिसत होतं. वच्छलाबाईनं सुई हिसकली, दोरा दातानं तोडला आणि ओवून दिली.

काका शिवू लागला. वर बंदूक, भोवती बाया. एक टाका लांब. एक आखूड. सगळी ओळ डावीकडं घसरत चाललेली.

"पाहा, पाहा!" वच्छलाबाई ओरडली. "तोच उतार! साऱ्या वाकयीत हाच उतार हाय. दुसऱ्याच्या हाताले हे जमनच नाई!"

मी भाषांतर केलं. साहेब वाकला. आधीच्या ओळी पाहिल्या, नवी ओळ पाहिली. एक म्हातारा शिपाई होता, निर्मलकडचा असावा. तोही वाकला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. मी सवयीनं सांगून टाकलं, "काका, ते म्हनतेत, दोरा दुहेरी घ्या. एकेरीनं तुटन."

"बरं," काका म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम सुईवर पडत होता.

आणि मग आतल्या अंधारातून काकूचा आवाज आला. दोन शब्द असतील, किंवा तीन. आमच्यातल्या एकालाही कळले नाहीत. काकाला कळले. त्यानं न बघता डाव्या हाताचं बोट वाकळेखाली सरकवलं, सुईच्या टोकाच्या बरोबर खाली. टाका सरळ पडला. पुढचाही.

"कौन बोला?" साहेब दचकून म्हणाला.

"उसकी औरत, सार. लकवा है. वोच सिखाती इसको."

साहेब दारात गेला. खाटेवरच्या बाईकडं त्यानं पाहिलं. परत आला, काठीनं वाकळ उलटी केली. मागून लावलेल्या पांढऱ्या धोतरावर ओळीओळीनं रक्ताचे बारीक ठिपके होते, काळपट पडलेले. सगळीकडं. त्यानं काठी काढून घेतली.

"हौले लोगाँ," तो म्हणाला, म्हणजे खुळी माणसं. मग माझ्याकडं वळला. "पूछ इनको. ये खबर किसने उडाई?"

हेही मलाच विचारायचं होतं. मी विचारलं. गल्लीतली सगळी माणसं माझ्याकडं पाहत होती, प्रश्न विचारणाऱ्याकडं पाहतात तशी. हॉटेलातले दोघं-तिघंही त्यात होते.

शेवटी वच्छलाबाई म्हणाली, "सांग त्याले, गावात लय तोंडं हायेत."

साहेब जीपमध्ये बसला. जाताना काकाला बोट दाखवून म्हणाला, "दरवाजा खुला रखना. समझा?"

जीप गेली. आवाज पांदणीत विरला तरी काकाची सुई थांबली नाही. अंधार पडला, बाया घरोघर गेल्या, तो तसाच ओट्यावर बसून शिवत होता. मी म्हणालो, "काका, गेले ते." तो म्हणाला, "परत आले त?"

तेव्हापासून ते दार उघडं राहिलं. त्यात हिंमत नव्हती, भीती होती. साहेबानं सांगितलं होतं म्हणून. काका रोज दुपारी उंबऱ्यावर वाकळ घेऊन बसे, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसेल असा. आणि जाणारी-येणारी एकही बाई गप्प जात नसे. कोणी कड ओढून पाही, कोणी टाके मोजी, कोणी नुसतं च्च करी. काका प्रत्येकीला "बरं" म्हणे. पहिल्या दिवशी वच्छलाबाई उंबऱ्यावर टेकली आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "रुख्मिणी, माह्यं कांद्याचं पोतं बरं होतं का नाई वं मंग?"

काकूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दिवसभर तिनं पाणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई पुन्हा आली. काही न बोलता काकाच्या हाताला धरून तिनं कडेची ओळ लावून दिली. तिसऱ्या दिवशी खाटेवरून आवाज आला. काकानं सांगितलं, "ते म्हनते, तुमची ओळ बी तिरपी हाय." वच्छलाबाई एवढी हसली, की डोळे पुसावे लागले. त्यानंतर दोघींची जुंपली ती जुंपलीच; एक उंबऱ्यावरून बोलायची, एक खाटेवरून. मधे काका, दोन्हीकडून टोचला जाणारा.

पण रस्त्यावरून मोटारीचा आवाज आला की सुई थांबे. त्या आवाजाची बस झाली, ट्रॅक्टर झाला, तरी पुढचा टाका बोटातच जाई. वाकळेवर रक्ताचे ठिपके वाढतच होते. एकदा मी त्याच्याशेजारी बसलो होतो, तर म्हणाला, "आता झोपेत बी जीप येते बापा."

मी तेव्हाही गप्प होतो. गप्प बसायला मला कधी जमलं नाही, ते नेमकं तेव्हा जमलं.

वच्छलाबाईनं मला बखोटीला धरून काकासमोर उभं केलं ते पंधराएक दिवसांनी. "बोल," म्हणाली. "हाटेलात कोनाचं तोंड चाललं होतं ते सांग याले." मी सांगितलं. सगळं. शाल पांघरलेल्या माणसापर्यंत.

काकाचा रंग उतरला. रागावेल म्हणून मी डोळे मिटले होते. उघडले तर तो माझ्याकडं नाही, रस्त्याकडं पाहत होता. मग हळूच म्हणाला, "अजून कोनाले सांगतलं?"

"नाई."

"सांगू बी नको. कोनी इचारलं त 'मी नाही' म्हनजो. तुले उचलून नेतीन बापा."

त्याला माझी भीती वाटत होती. म्हणजे माझ्यासाठी. मला त्याच्या एका थपडीनं बरं वाटलं असतं.

वाकळेचं मधलं पोट मात्र तसंच होतं. ते उसवून पुन्हा घालायला हवं यावर सगळ्या बायांचं एकमत होतं. काका कात्री घेऊन तयार बसला. आधी काकूनं त्याला ते चारदा तरी उसवायला लावलं होतं, कपडा जाळीसारखा झाला होता त्यामुळं. आता त्यानं वाकळ खाटेवर नेऊन तिच्यापुढं धरली. तिनं डावा हात त्या फुगवट्यावरून फिरवला. रक्ताच्या ठिपक्यांवरून फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, आणि हे आम्हाला सगळ्यांना कळलं, "रा-हू दे."

"राहू देऊ?" काका घाबरून म्हणाला. "लोक काय म्हनतीन?"

काकूचं अर्धं तोंड हसलं. दाराकडं बोट केलं तिनं. लोक काय ते सगळे उंबऱ्यावरच बसले होते, आणि काय म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

वाकळेच्या चार कोपऱ्यांना तिकोनी तुकडे बसवतात. तीन बसले. चौथा काका बसवायला गेला, तर काकूनं वाकळ धरून ठेवली आणि माझ्याकडं बोट केलं. वीतभर शिवण. मला आधी कळलंच नाही. वच्छलाबाईला कळलं. "हा तुह्या तोंडाचा कोपरा," ती म्हणाली. "बस, शिव."

मी म्हणालो, उद्या. उद्या मला ताप आला. परवा मी मंचेरियलला नोकरीचं पाहायला गेलो. मनकर्णा आली, तिला मुलगी झाली. मधल्या फुगवट्यात ती पोर अशी बसली, की खाली उतरवलं तर रडे. सव्वा महिन्यानं मनकर्णा वाकळ घेऊन बेल्लमपल्लीला गेली, चौथा कोपरा उघडाच ठेवून. काकूनं तो दुसऱ्या कोणाला शिवू दिला नाही.

त्याला आता सहाएक वर्षं होतील. मनकर्णा दर दिवाळीला येते, पोर वाकळेशिवाय झोपत नाही म्हणून तीही आणते. दर वेळी वच्छलाबाई सुई ओवून माझ्यापुढं धरते. काकू खाटेवरून बघते, एका डोळ्यानं. त्या डोळ्यासमोर तिरपा टाका घालायचा, आणि भोवती बायांनी बसून तो पाहायचा! हॉटेलात बसून मी अख्ख्या गावाची टर उडवली आहे, पण वीतभर शिवण घालायला काही हात धजत नाही. मला अचानक काहीतरी काम आठवतं.

यंदा पोरगीच तो कोपरा घेऊन माझ्याकडं आली. आतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या. म्हणाली, "मामा, हा कोपरा कोनं असा ठेवला?"

मी म्हणालो, "मी नाही."